२०२० मधे अमेरिकेत मीट प्लांट बंद पडले तेव्हा नक्की काय झालेलं? (कामासाठी माहिती हवीये)

शिफ्टवाला:

मंडळी जरा मदत करा. मी एका चिकन प्रोसेसिंग युनिटमधे शिफ्ट इनचार्ज आहे, पुण्यापासून दीड तासावर (नाव विचारू नका, नोकरी करायचीये अजून). दोन शिफ्ट मिळून २२० माणसं, निम्म्याहून जास्त बाया, आसपासच्या गावांतून बसने येतात. बाकीची पोरं ओडिशा-बिहारची, ठेकेदाराच्या खोल्यांवर राहतात, एका खोलीत सहा-सात जण. परवा ऑडिट झालं आणि ऑडिटवाल्या बाईंनी विचारलं, साथ आली तर तुमचा लेखी प्लॅन कुठाय? नव्हताच. २०२० मधे आमचा प्लॅन म्हणजे गेटवर थर्मल गन, एक सॅनिटायझरची बाटली आणि देवाचं नाव. आता साहेबांनी ते काम माझ्या गळ्यात मारलंय, दोन पानं लिहून आण म्हणाले.

मीटिंगमधे साहेबांचं म्हणणं असं की अमेरिकेत ट्रंपने कायदा लावून प्लांट चालू ठेवले म्हणून लोकांना खायला मिळालं, आपणपण लिहून टाकू की अन्न अत्यावश्यक सेवा, प्लांट बंद होणार नाही, विषय संपला. मला पटलं नाही पण तोंड उघडायला हातात मुद्दा नव्हता. मी तिकडचं एवढंच ऐकलेलं की शेतकऱ्यांनी डुकरं मारून पुरली आणि त्याच आठवड्यात दुकानात मांस मिळत नव्हतं. हे दोन्ही एकदम कसं काय होतं? आणि प्लांटमधेच एवढा कोरोना का पसरला, थंडीमुळे का? कोणी तिकडे असेल तर सांगा, लिंका टाकू नका, इंग्रजी वाचत बसायला वेळ नाही.

आयोवाकर:

साहेबांना आधी तारीख सांगा. ट्रंपची ऑर्डर आली २८ एप्रिल २०२० ला. तोवर बरेच मोठे प्लांट बंद पडून झालेले, आणि बहुतेक ठिकाणी कारण एकच, लाईनवर उभं राहायला माणसं उरली नव्हती. अर्धे आजारी, उरलेले घाबरून घरी. कागदावर "चालू" लिहिलं म्हणून हाडापासून मांस सोडवणारा माणूस उभा राहत नाही हो.

मी आयोवा राज्यात, डे मॉइनला असतो. माझा मांसाच्या धंद्याशी काही संबंध नाही, पण या राज्यात माणसं ३० लाखांच्या थोडी वर आणि डुकरं दोन कोटींच्या वर, त्यामुळे डुकरांच्या बातम्या चुकत नाहीत. सगळ्यात गाजलं ते शेजारच्या साउथ डकोटातलं सू फॉल्सचं स्मिथफील्ड कंपनीचं युनिट. ३,७०० कामगार, दिवसाला १९ हजारांच्या वर डुकरं, म्हणजे अख्ख्या देशाच्या पोर्कमधलं ४-५ टक्के एका बिल्डिंगमधून. मार्चच्या शेवटी पहिली केस. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गव्हर्नर आणि महापौर दोघांनी मिळून पत्र लिहिलं की १४ दिवस थांबवा, मग १२ तारखेला कंपनीने बेमुदत बंद जाहीर केलं. शेवटी हिशोब निघाला तो जवळपास १,३०० कामगार पॉझिटिव्ह, चार मेले. कामगार सुरक्षेच्या सरकारी खात्याने, ओशाने, दंड केला १३,४९४ डॉलर. तेव्हाच्या भावाने दहा लाख रुपयेसुद्धा पुरते होत नाहीत. खात्याला त्या कलमाखाली तेवढाच लावता येत होता म्हणे.

आता तुम्हाला कामाची गोष्ट. त्या कंपनीने एप्रिलसाठी बोनस जाहीर केलेला, महिनाभर एकही खाडा न करणाऱ्याला ५०० डॉलर. चांगल्या मनाने केलं असेल. पण कणकण आलेला माणूस काय करणार? दोन गोळ्या घेणार आणि जाणार. गेटवर ताप मोजायचे ना, गोळी घेतली की ताप उतरतोच. सीडीसीचे, म्हणजे साथरोगांच्या सरकारी खात्याचे, लोक नंतर पाहणीला गेले तेव्हा त्यांनी लिहिलंय की तिथे जवळपास ४० भाषा बोलल्या जातात, स्पॅनिश, नेपाळी, स्वाहिली, अम्हारिक वगैरे, आणि सूचनांचे कागद सगळ्यांना समजतील असे नव्हते. तुमच्या ओडिया पोरांना मराठी बोर्ड वाचता येतो का ते बघा.

डुकरं का मारली ते सांगतो. डुकरीण गाभण राहते ११४ दिवस. पिलू जन्मल्यापासून कापायला जाईपर्यंत साधारण सहा महिने. म्हणजे एप्रिल २०२० मधे ज्या डुकराची पाळी होती त्याचा निर्णय जून २०१९ मधे झालेला, तेव्हा कोरोना हा शब्द कोणाला माहीत नव्हता. वजन सव्वाशे किलोच्या आसपास झालं की ट्रक येतो, शेड रिकामी होते, धुतात आणि मागची पिलं आत येतात. ट्रक आलाच नाही तर? डुक्कर दिवसाला पाऊण-एक किलो वाढतच राहतं, फार मोठं झालं की प्लांटच्या टांगायच्या आकड्यांना आणि मशिनला ते झेपत नाही, आणि मागची पिलं तर दारात उभी. लोकांनी खाद्य बदलून वाढ रोखायचा प्रयत्न केला, कोणी घरी कापून वाटली, कोणी विकायला फेसबुकवर टाकली. मग शेवटी मारली. मिनेसोटात वर्दिंग्टनला जेबीएस कंपनीचा प्लांट करोनामुळे बंद होता, तो एप्रिलअखेर थोडी माणसं घेऊन उघडला तो फक्त डुकरं मारायला. मांस काढायला माणसं नाहीत, मारायला दहा-वीस पुरतात. दिवसाला १३ हजारापर्यंत क्षमता सांगितलेली. सगळी खड्ड्यात किंवा चरबी वितळवायला.

आणि त्याच आठवड्यात आमच्या दुकानात पाटी, एका माणसाला दोनच पाकिटं. वेंडीज या बर्गरवाल्या साखळीच्या बऱ्याच दुकानांत बीफ संपलेलं. म्हणजे जनावर भरपूर, खाणारा भरपूर, मधली मोरी तुंबली. एप्रिलअखेरीस देशातली जनावरांची कापणी आदल्या वर्षीपेक्षा ४० टक्क्यांपर्यंत खाली आलेली. बीफमधे चार कंपन्यांकडे ८५ टक्के धंदा आहे, त्यामुळे गंमत अशी की गाय पाळणाऱ्याला भाव पडून मिळाला आणि बीफचा होलसेल भाव दुपटीवर गेला.

उपाशी वगैरे कोणी मरत नव्हतं. तुटवडा तीन-चार आठवड्यांचा, तोही आवडीच्या तुकड्यांचा. त्याच एप्रिलात चीनला पोर्क जोरात जात होतं, यावरून नंतर सिनेटर लोकांनी कंपन्यांना पत्रं लिहिली.

विट्याचा कोंबडीवाला:

आयोवाकर भाऊ, मोरी तुंबली हे बरोबर बोललात. आमच्याकडे उलटं झालेलं, मोरी मोकळी आणि गिऱ्हाईक पळालेलं. फेब्रुवारी २० मधे व्हॉट्सॅपवर आलं कोंबडीतून कोरोना होतो, झालं, आठ दिवसात भाव कोसळला. माझ्या दोन शेड, ९ हजार पक्षी, करारावर नव्हतो तेव्हा, स्वतःची बॅच. किलोला ७०-७५ खर्च आणि १० रुपयाने कोण उचलेना. ४० दिवसाचा पक्षी दोन किलोच्या वर गेला की पुढे खातो भरपूर पण त्या मानाने वजन टाकत नाही, रोज पोत्यावर पोतं खाद्य ओतायचं आणि बघत बसायचं. हैद्राबादला मंत्र्यांनी स्टेजवर चिकन खाऊन दाखवलं, आमच्या इथं सरपंचाने फुकट वाटलं तरी लोक नको म्हणत होते. शेवटी गावात वाटले, उरलेले खड्डा काढून पुरले. आई दोन दिवस शेडकडे फिरकली नाही. तर पुरणं काय असतं ते माहिताय.

नंतर लॉकडाऊन लागला आणि मे-जूनला तोच पक्षी मिळेना कारण कोणी पिलंच टाकली नव्हती. गंमत नाही का.

पण शिफ्टवाले दादा, आपल्याकडे माल बहुतेक जिवंत जातो, गल्लीत चिकनवाला कापून देतो. एक दुकान बंद पडलं तर पुढच्या गल्लीत दुसरं. तुमचं युनिट तसं नाही, तुमचं अमेरिकेवाल्यासारखं, एका छपराखाली सगळं. अजून एक, प्लॅनमधे गेटच्या आतलंच लिहू नका. पक्षी पकडणारी टोळी एका रात्रीत तीन-चार शेडवर फिरते, सात-आठ पोरं एका पिकअपमधे क्रेटवर बसून, तोंडाला तोच रुमाल. ती पोरं तुमच्या हजेरीवर नाहीत, ठेकेदाराच्याही नाहीत, लिफ्टिंगवाल्याची, म्हणजे शेडवरून पक्षी उचलणाऱ्याची, आहेत. साथ तुमच्या गेटवर आली तर त्या गाडीतून येणार. त्यांचा विचार कोण करतं?

बीलेफेल्डची वैशाली:

मी जर्मनीतून. बीलेफेल्डच्या शेजारी ग्युटर्सलो जिल्हा, तिथे रेडा-वीडनब्रुकला टोनिस कंपनीचा डुकरांचा प्लांट, जर्मनीतला सगळ्यात मोठा. जून २०२० मधे, म्हणजे अमेरिकेचं सगळं पेपरात वाचून झाल्यावर बरं का, तिथे दीड हजारांवर कामगार पॉझिटिव्ह निघाले. अख्खा जिल्हा आणि शेजारचा वारेनडॉर्फ परत लॉकडाऊनमधे, साडेसहा लाखाच्या आसपास लोक. आमच्या ओळखीचं एक कुटुंब तिथलं, त्यांच्या गाडीची नंबरप्लेट जीटी, म्हणजे ग्युटर्सलोची. सुट्टीला निघायचं तर हॉटेलवाले नको म्हणायचे, बाल्टिकच्या एका बेटावरून तर जीटीवाल्यांना परत पाठवल्याची बातमी आलेली. शाळेला जेमतेम सुरुवात झालेली ती परत बंद. मुलांचे आईबाप चिडले ते कोणावर, तर रोमेनियन कामगारांवर. फेर्ल गावात कामगारांच्या बिल्डिंगांना चक्क कुंपण घातलं.

हे कामगार रोमेनिया, बल्गेरिया, पोलंडचे, आणि कागदावर प्लांटचे नोकर नव्हतेच. ठेकेदाराचा ठेकेदार. तोच नोकरी देतो, तोच खोली देतो, खोलीचं भाडं पगारातून तोच कापतो. साथ आल्यावर प्रशासनाने पत्ते मागितले तर ते वेळेवर हातात येईनात, शेवटी सरकारी लोकांनी जाऊन घेतले. शिफ्टवाले, तुमचं "ठेकेदाराच्या खोल्या" वाचलं तेव्हा हेच डोळ्यासमोर आलं. आज रात्री तुमच्या ठेकेदाराला फोन करून विचारा, कुठल्या खोलीत कोण राहतं याची यादी आहे का. माझी पैज, नसेल.

थंडीचं विचारलंत ना. त्याच प्लांटमधे मे महिन्यात एक छोटा उद्रेक झालेला, त्यावर शास्त्रज्ञांनी नीट काम केलं, विषाणूचा जीनोम वगैरे काढून. कोण लाईनवर कुठे उभं होतं त्याचा नकाशा केला. एका माणसापासून आठ मीटर आणि त्याहून लांबच्या माणसांपर्यंत गेलेलं. हॉल १० डिग्रीला, आणि थंडी वाया जाऊ नये म्हणून तीच हवा परत परत फिरवायची, बाहेरची ताजी फार थोडी. त्यात काम कष्टाचं, धाप लागते, मशिनच्या आवाजात ओरडून बोलायचं. त्या टप्प्यात तरी खोल्यांपेक्षा हॉलमधेच जास्त पसरलं असं त्यांचं म्हणणं. म्हणजे दोन बायांच्या मधे प्लास्टिकचा पडदा लावला की काम झालं असं नाही, हवा पडद्याच्या वरून जाते.

नंतर कायदा आला तो मात्र कडक. १ जानेवारी २०२१ पासून मोठ्या मांस कंपन्यांना कत्तल आणि कापणीचं काम ठेकेदाराकडून करून घ्यायला बंदी, माणूस स्वतःच्या हजेरीवर घ्यायचा. छोट्या खाटकांना सूट.

हिशोबी:

सगळं वाचलं. ज्ञान छान आहे पण धंदा कोणी केलाय का इथे? बंद ठेवा बंद ठेवा म्हणणं सोपं असतं. पक्षी काय कॅलेंडर बघून थांबतो? कोंबडीवाल्यानेच सांगितलं, थांबला की खड्डा. आणि त्या २२० जणांत रोजावर किती? चार दिवस बंद म्हणजे त्यांच्या चुली बंद. ट्रंपने जे केलं ते वेळेला योग्यच होतं, जूनच्या सुरुवातीला कापणी ९५ टक्क्यांवर परत आली, ते का नाही सांगत कोणी? आणि आजारपणाला ईएसआय, कामगारांचा सरकारी विमा, आहे की. आयोवाकर, तुम्ही लॅपटॉप घेऊन घरी बसलेला ना तेव्हा?

आयोवाकर:

हो, घरीच बसलेलो, आणि पोर्क चॉप मागवत होतो. लपवण्यासारखं काही नाही. टोमणा मान्य.

पण बंद ठेवा असं मी म्हणालोच नाही. ९५ टक्क्यांवर आलं हे खरं, पण मधल्या काळात प्लांटमधे काय बदललं तेही बघा. जवळजवळ ऑर्डर आली त्याच सुमारास, २६ एप्रिलला, सीडीसी आणि ओशाची नियमावली आली, टेस्टिंग झालं, पार्टिशन लागले, लाईन हळू केली, आजारी रजेचे नियम बऱ्याच ठिकाणी सैल केले. आजारी माणसं बरी होऊन परत आली. नुसत्या ऑर्डरने झालं असतं तर २९ तारखेलाच झालं असतं. आणि किंमत? पुढे संसदेच्या समितीने पाच मोठ्या कंपन्यांकडून कागद मागवले तेव्हा पहिल्या वर्षभरात किमान ५९ हजार कामगार बाधित आणि २६९ मृत्यू निघाले. आमच्याच राज्यात वॉटरलूच्या मीट प्लांटमधे हजारावर कामगार पॉझिटिव्ह आले. तिथले मॅनेजर किती जण आजारी पडतील यावर पैजा लावत होते असा आरोप कोर्टात झाला, कंपनीने चौकशी करून सात मॅनेजर काढले. मार्चअखेर ज्याला खोकला आहे त्याला पगारी घरी पाठवलं असतं तर प्लांट चालूच राहिला असता की.

शिफ्टवाला:

हिशोबी साहेब, ईएसआयचं सांगतो कारण रोज मीच ते फॉर्म भरतो. आजारपणाचा लाभ पगाराच्या ७० टक्के आणि पहिले दोन दिवस काहीच नाही. डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, त्यासाठी दवाखान्यात रांग, म्हणजे एक दिवस तिथेच गेला. जिला ताप आलाय ती बाई दोन दिवसाचा रोज घालवण्यापेक्षा कामावर येते, मी स्वतः बघितलंय. मागच्या पावसाळ्यात व्हायरल आला तेव्हा पॅकिंगवरची एक मावशी स्वेटर दोन घालून उभी होती, हात थरथरतायत आणि ट्रे लावतीये. मी म्हणालो घरी जा, तर म्हणाली "दादा, हजेरी लावून पाठव." मी लावली नाही, मला अधिकार नव्हता. ती थांबली. चौथ्या दिवशी त्या टेबलावरच्या नऊपैकी पाच गैरहजर.

काल रात्री बसून हिशोब केला. रोज ५५० धरला, २० माणसं १० दिवस भरपगारी घरी बसवली तर १ लाख १० हजार. आम्ही दिवसाला ८ हजार पक्षी घेतो. एक दिवस जरी लाईन थांबली आणि गाड्या गेटवर उभ्या राहिल्या तर मर किती, वजनाची तूट किती, गाडीभाडं किती, आणि गिऱ्हाईकाचा दंड वेगळा. मी फक्त दोन किलोने ८ हजार पक्षी आणि ९० रुपये भाव धरला तर १४ लाख ४० हजारांचा माल गेटवर. सगळा नाही जाणार वाया, पण दहावा भाग गेला तरी वरचे १० दिवस वसूल. साहेबांना ही भाषा कळते.

वैशालीताई, पैज जिंकलात. ठेकेदाराकडे यादी नव्हती. "फोन नंबर आहेत ना" म्हणाला. आज मी आणि सिक्युरिटीवाला जाऊन सगळ्या खोल्या फिरून लिहून आलो. एका खोलीत तर दिवसपाळीवाले आणि रातपाळीवाले एकाच गादीवर पाळीपाळीने झोपतात, दोन शिफ्ट वेगळ्या ठेवल्या म्हणून मी इतके दिवस खूश होतो.

कोंबडीवाले भाऊ, टोळीचं लिहिलंय. लिफ्टिंगवाल्याशी बोलणार आहे, तो काय म्हणेल माहीत नाही.

विट्याचा कोंबडीवाला:

काय म्हणेल? म्हणेल क्रेटमागे पैसे वाढवा. वाढवा थोडे.

शिफ्टवाला:

अपडेट. साहेबांनी दोन पानं वाचली. पगारी रजेचे १० दिवस होते त्याचे ७ केले आणि सही केली. ताप आलेल्याची हजेरी लावून घरी पाठवायचा अधिकार शिफ्ट इनचार्जला दिला, हे मी मागितलं होतं, मिळेल वाटलं नव्हतं. ओडिया आणि हिंदी बोर्ड मंजूर. बसमधली गर्दी कमी करायला मागितलेली तिसरी बस "डिझेल बघू" वर अडकली. "प्लांट बंद होणार नाही" हे वाक्य त्यांनी स्वतःच्या हाताने वर लिहिलंय, मी काही बोललो नाही.

आता हवेचं राहिलं. कटिंग हॉल १० डिग्रीला ठेवतो, बाहेरची हवा वाढवली तर मे महिन्यात १४-१५ वर जाईल आणि मग ऑडिटवाली बाई दुसऱ्या कारणाने ओरडेल. इथे कोणी रेफ्रिजरेशनवालं आहे का?

गारठा:

आहे. हॉलची लांबी रुंदी उंची, कॉम्प्रेसरचं टनेज आणि एका वेळी आत माणसं किती ते टाका. कूलरचा फोटो मिळाला तर उत्तम.